झुडुपी गुलाब : फुलाआधी पान पाहा

घरच्या गुलाबाची तक्रार बहुधा ठरलेली असते. आणला तेव्हा एक मोठे, देखणे फूल होते. महिन्याभरात पाने पिवळी पडून गळाली, दोन उंच काड्या उरल्या आणि पुढच्या पावसात त्याही टोकाकडून काळ्या पडत गेल्या. मग ‘आपल्याकडे गुलाब जगत नाही’ असे ठरवून लोक कुंडीत दुसरे काही लावतात. यात दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, निवडीचा असतो. बाल्कनी, गच्ची किंवा दारापुढचा छोटा वाफा यांच्यासाठी आपण जे झाड उचलतो, ते मुळात प्रदर्शनासाठी आणि फुलदाणीसाठी घडवलेले असते. घरासाठी गुलाबांची वेगळी मंडळी आहे. ती गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतात, बुडापासून फांद्या फोडतात आणि फुले झुपक्यांनी देतात. त्यांना आपण झुडुपी गुलाब म्हणू.

लांब दांड्याच्या टोकाला एकच मोठे फूल देणारा तो ‘हायब्रीड टी’. १८६७ साली फ्रान्समधल्या लियाँच्या गियो यांनी ‘ला फ्रान्स’ बाजारात आणला. त्या घराण्याचा तो पहिला गुलाब मानतात. त्याचे सौंदर्य कोण नाकारील? पण असे झाड फांद्या कमी धरते, खते आणि फवारण्या भरपूर मागते आणि दोन बहरांच्या मध्ये ओकेबोके दिसते. झुडुपी गुलाबांत पॉलिअँथा, फ्लोरिबंडा आणि मिनिएचर हे तीन गट आपल्या उपयोगाचे. मिनिएचर म्हणजे आपल्या नर्सऱ्यांमधला ‘बटण गुलाब’ किंवा ‘काश्मिरी गुलाब’. फ्लोरिबंडा जरा मोठा, तीन-चार फुटांचा. पॉलिअँथा या दोघांच्या मधला, लहान फुलांचे भरगच्च घोस देणारा.

या बुटक्यांचा इतिहास मोठ्या गुलाबांइतकाच रंजक आहे. ज्या गियोंनी ‘ला फ्रान्स’ दिला त्यांनीच १८७५ मध्ये ‘पाकरेत’ हा छोटा पांढरा गुलाब आणला आणि पॉलिअँथांची सुरुवात झाली. जपानकडच्या घोसदार रानगुलाबाचे आणि चिनी गुलाबाचे रक्त या गटात एकत्र आले. पुढे डेन्मार्कच्या पोल्सन कुटुंबाने थंडीत टिकतील असे, जरा मोठ्या फुलांचे घोसदार गुलाब हवेत म्हणून पॉलिअँथांचा मोठ्या गुलाबांशी संकर केला. १९२४ चा ‘एल्से पोल्सन’ हे त्याचे गाजलेले फळ. या वाणांनाच नंतर फ्लोरिबंडा हे नाव मिळाले. १९३२ चा इंग्लंडमधला ‘द फेअरी’ आजही फिकट गुलाबी घोसांनी गच्च भरतो, आणि १९५८ साली जर्मनीच्या कोर्डेस यांनी दिलेला पांढरा ‘आइसबर्ग’ जगभरच्या अंगणांत पोहोचला आहे. मिनिएचरची गोष्ट तर एका खिडकीतली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रूले नावाच्या गृहस्थांना एका खेड्यात खिडकीतल्या कुंडीत अगदी छोटा गुलाब दिसला. वनस्पतितज्ज्ञ आंरी कोरवों यांनी त्याला ‘रोझा रूलेती’ हे नाव दिले. त्याच्या वंशातून हॉलंड, स्पेन आणि पुढे अमेरिकेत छोट्या गुलाबांची रांगच लागली. कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी या एका कामाला आपले आयुष्य वाहिले. ते १०२ वर्षे जगले आणि शेकडो छोटे गुलाब देऊन गेले.

या सगळ्यांत समान आहे तो चिनी गुलाबाचा अंश, आणि घरच्या बागकामाची किल्ली तिथेच आहे. समशीतोष्ण भागांतले बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात. वसंतात जुन्या फांदीवर आखूड फुटवे येतात, ते फुलतात, आणि मग झाडातले एक जनुक फुलोऱ्याला लगाम घालते. उरलेले वर्ष नुसती वाढ होते. चिनी गुलाबात हा लगाम बिघडलेला आहे. त्यामुळे जो नवा फुटवा निघेल तो आपल्या टोकाला फूल धरणारच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गुलाब युरोपात पोहोचले आणि तिथल्या गुलाबांना बारमाही फुलण्याचा गुण मिळाला. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: जितके फुटवे तितकी फुले. हायब्रीड टीला चार जाड फुटवे येतील, तर झुडुपी गुलाबाला पंधरा-वीस बारीक. फूल संपले की त्या फांदीचे काम संपते आणि खालचा डोळा जागा होतो. छाटणी, खत, पाणी या सगळ्याचा हेतू एवढाच, की नवे फुटवे जोमाने निघत राहावेत.

आणि फुटवा निघतो तो पानांनी साठवलेल्या अन्नावर. म्हणूनच माझे मत पक्के झाले आहे, की गुलाब फुलावरून नव्हे, पानांवरून निवडावा आणि पानांवरूनच सांभाळावा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे विल्यम रॅडलर यांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. ते काळ्या ठिपक्यांच्या रोगाने ग्रासलेली पाने गोळा करत, वाळवून त्यांची भुकटी करत आणि ती आपल्या कोवळ्या रोपांवर मुद्दाम भुरभुरत. जे रोप तरीही हिरवे राहील तेच पुढे न्यायचे. यातून निघालेला ‘नॉक आउट’ २००० साली बाजारात आला आणि तिकडच्या घराघरांत गेला. जर्मनीत नव्या गुलाबांची ‘एडीआर’ नावाची राष्ट्रीय चाचणी होते. तिच्यात १९९७ पासून झाडांवर रोगनाशकाची फवारणीच करत नाहीत. जे झाड नुसत्या स्वतःच्या बळावर उभे राहील त्यालाच प्रमाणपत्र. मात्र परदेशात निरोगी ठरलेला गुलाब आपल्याकडे तसाच राहील याची खात्री नसते. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे अनेक प्रकार आहेत, आणि आपल्या कोरड्या महिन्यांत भुरी आणि कोळी हेच जास्त त्रास देतात. म्हणून आपल्या गावातल्या नर्सरीत, आपल्याच हवेत वर्षभर उभे असलेले झाड पाहावे. फूल असो वा नसो, खालच्या फांद्यांवर पाने टिकली आहेत का ते बघावे. बुडाशी उघडे पडलेले झाड टोकाला कितीही सुंदर फुललेले असो, ते घेऊ नये.

झाड घरी आणल्यावर पहिला अडथळा येतो तो मातीच्या गोळ्याचा. नर्सरीतले रोप बहुधा चिकट तांबड्या मातीच्या घट्ट गोळ्यात असते. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात पुरला, तर पाणी सैल मातीतून वाहून जाते आणि गोळा आत कोरडाच राहतो; किंवा उलट, पावसात गोळा चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडतो. पिशवी काढून गोळा बादलीत थोडा वेळ भिजू द्यावा आणि बाहेरची माती हळूच बोटांनी मोकळी करावी. मुळे ओरबाडू नयेत. बटण गुलाबाला आठ-दहा इंचांची कुंडी पुरते, फ्लोरिबंडाला बारा ते चौदा इंचांची हवी. मिश्रणात निम्मी पोयट्याची किंवा तांबडी माती, तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि बाकी जाड वाळू व थोडे कोकोपीट. देशावरची काळी माती कुंडीत नको. ती पाणी धरते, तापली की भेगाळते, आणि तिच्यात चुना जास्त असतो. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते; चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे चित्र दिसते. अशा झाडाला अंड्याची टरफले घालणे म्हणजे चुन्यात चुना. त्याला चिलेटेड लोह द्यावे.

ऊन किमान पाच-सहा तास, आणि शक्यतो सकाळचे. पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे दुपारनंतर आडोसा हवा. उत्तरेच्या बाल्कनीत गुलाबाचा हट्ट धरू नये. पाणी सकाळी, बुंध्याशी, कुंडीच्या तळातून बाहेर येईल इतके. आणि पुढचे पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. त्यांनी महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर त्याहून चांगले काही नाही.

आता पावसाळा. महाराष्ट्रातल्या गुलाबाची खरी परीक्षा उन्हाळ्यात नाही, जुलै-ऑगस्टात होते. एकट्या जुलैमध्ये मुंबईत सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात दोनशेच्या आसपास. दोन्हीकडे एकच सल्ला चालणार नाही. पण बुरशीचे गणित सगळीकडे सारखे आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचा बीजाणू पानावर पडला तरी लगेच शिरत नाही. त्याला पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते. तेवढा वेळ मिळाला नाही तर तो वाया जातो. म्हणून या काळात आपले सगळे प्रयत्न पाने लवकर सुकावीत यासाठी हवेत. कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, झुडपाच्या मधल्या गर्दीतल्या काटक्या काढून वारा खेळू द्यावा, आणि शक्य असेल तिथे झाड छज्ज्याखाली सरकवावे, जिथे उजेड पोहोचतो पण सरी नाहीत. ठिपके पडलेली पाने झाडावरची आणि मातीवरचीही रोज वेचावीत आणि घरच्या खतात न टाकता फेकून द्यावीत. रोग तिथेच दबा धरून असतो. पावसाची उघडीप पाहून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ते अडीच ग्रॅम फवारले तर रोगाला आळा बसतो, मात्र आधीच काळवंडलेले पान हिरवे होत नाही. कुंडीखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून घ्याव्यात आणि कुंडी दोन विटांवर टेकवावी. पाणी साचलेल्या कुंडीत मुळे गुदमरतात, आणि मग वरून झाड सुकल्यासारखे दिसते. घाईने आणखी पाणी घालण्याआधी माती बोटाने खोदून पाहावी. आणखी एक गोष्ट पहिल्या पावसाबरोबर येते: हुमणीचे भुंगेरे. संध्याकाळी जमिनीतून निघून ते कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्याबरोबर गुलाबाचीही पाने कुरतडतात. अंधार पडल्यावर झाड हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडणे हा सर्वांत सोपा उपाय.

पाऊस मागे हटला की ऑक्टोबरची छाटणी. वर्षभरातले हे सर्वांत महत्त्वाचे काम, आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात तेही याला. महाराष्ट्रात साधारण १० ऑक्टोबरनंतर, पावसाची खात्रीने उघडीप झाल्यावर छाटावे. कोकणात आठवडाभर थांबलेले बरे. छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी फुले येतात; म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून, थंडी धरू लागली की बहर सुरू होतो. हायब्रीड टीच्या पुस्तकांत सांगितलेली गुडघ्याच्या खालपर्यंतची कडक छाटणी झुडुपी गुलाबाला नको. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि अगदी बारीक काटक्या आधी काढाव्यात, आणि उरलेल्या झाडाची उंची एक तृतीयांश, फार तर निम्मी कमी करावी. प्रत्येक काप बाहेरच्या डोळ्यावर, तिरका आणि मोजून घेतला पाहिजे, या नियमाचा धाक बाळगू नका. इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट छाटलेले गुलाब आणि काळजीपूर्वक छाटलेले गुलाब शेजारी शेजारी वाढवून पाहिले, तेव्हा सरसकट छाटलेली झाडेही फुलण्यात मागे पडली नाहीत. सिकेटर मात्र धारदार आणि स्पिरिटने पुसलेला असावा. चिरडलेल्या फांदीतून आपल्याकडे हमखास ‘डायबॅक’ शिरतो आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी, आणि कालवायला प्लॅस्टिकचे भांडे, कारण मोरचूद लोखंड खाते. छाटणीआधी मुळे उघडी करून झाडाला पाण्याचा ताण देण्याची जुनी पद्धत जमिनीतल्या बागेसाठी आहे. कुंडीतल्या झाडावर ती करू नये. त्याच्याकडे तेवढा साठा नसतो.

छाटल्यावर वरची दोन इंच माती काढून तिच्या जागी दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड द्यावी. नवे फुटवे बोटभर झाले की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ते दीड ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. दूध-साखर घातलेल्या चहाचा चोथा न धुता टाकला तर मुंग्या आणि बुरशी येतात, फुले वाढत नाहीत. कोमेजलेला घोस राहू दिला तर झाड आपली ताकद फळे धरण्यात घालते. तो एखाद-दुसऱ्या पानासह वेळेवर काढला की पुढचा फुटवा लवकर निघतो. देवाला किंवा केसात माळायला फूल तोडतानाही लांब दांडा घेऊ नये. दांड्याबरोबर पाने जातात आणि पानांबरोबर पुढची फुले.

हिवाळ्यात उबदार दिवस आणि गार रात्री आल्या की कोवळ्या पानांवर भुरी येते. तिला पानांवर साचलेल्या पाण्याची गरज नसते, त्यामुळे कोरड्या हवेतही ती पसरते. पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारावे, आणि निमतेलाच्या फवारणीपासून दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. दोन्ही एकत्र आले तर पाने भाजतात. उन्हाळ्यात लाल कोळी पानांच्या मागे जाळी विणतो आणि पाने धुरकट होतात. आठवड्यातून दोनदा सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराचसा आटोक्यात येतो. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पन्नास टक्के सावलीची शेडनेट लागतेच, आणि फुलांची अपेक्षा सोडून फक्त पाने राखावीत. कधी पानांच्या कडेला कंपासने काढल्यासारखे अर्धगोल काप दिसतात. ते पानकाप्या मधमाशीचे काम. ती पिल्लांच्या घराला ते तुकडे नेते, झाडाला त्याने काही होत नाही आणि परागीभवनाला ती हवीच. तिच्यावर औषध मारू नका.

नर्सरीतले बहुतेक गुलाब खुंटावर डोळा भरून केलेले असतात. डोळ्याच्या जोडाखालून सरळसोट फुटवा आला तर तो खुंटाचा असतो आणि हळूहळू सगळे झाड बळकावतो. ‘सात पर्णिकांचे पान म्हणजे रानटी’ ही खूण झुडुपी गुलाबात फसवते, कारण कित्येक पॉलिअँथा आणि मिनिएचर वाणांनाही सात पर्णिका असतात. फुटवा कुठून निघाला ते माती बाजूला करून पाहावे, आणि खालचा असेल तर कापू नये, मुळाशी धरून ओढून काढावा. बटण गुलाबात हा प्रश्नच टाळता येतो. तो फांदीपासून सहज मुळे धरतो. फूल होऊन गेलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी घेऊन तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावेत, वरचे एक पान ठेवून दोन डोळे ओलसर वाळू-कोकोपिटात पुरावेत आणि सावलीत ठेवावेत. चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात, आणि जे झाड होते ते नखशिखांत त्याच वाणाचे असते.

भारतातही या गुलाबांवर मोठे काम झाले आहे, आणि ते विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले. पण गुलाब हे त्यांचे दुसरे प्रेम होते. ‘द रोझ इन इंडिया’ हा १९६६ चा ग्रंथ त्यांचा, आणि ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ हे फ्लोरिबंडाही त्यांचेच. कोडाईकनालला निवृत्त सनदी अधिकारी एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन यांनी ‘रोझा क्लायनोफिला’ हा उष्ण, पाणथळ नदीकाठी वाढणारा आपला रानगुलाब संकरात आणला, कारण युरोपच्या थंडीसाठी घडवलेले गुलाब आपल्या उकाड्यात का दमतात याचे उत्तर त्यांना इथल्याच मातीत शोधायचे होते. कलमी गुलाबाचा वाण बियांतून तसाच उगवत नाही. कोणी तरी दरवर्षी त्याचे डोळे भरत राहिले तरच तो टिकतो, आणि नर्सरीवाला डोळे भरतो ते ज्याची मागणी येते त्याचे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. तिथे किंवा आपल्या गावच्या नर्सरीत गेलात तर ‘लाल द्या, पिवळा द्या’ एवढ्यावर थांबू नका. वाणाचे नाव विचारा, ते कुंडीवर लिहून ठेवा, आणि भारतात घडवलेल्या फ्लोरिबंडांची नावे घेऊन मागणी करा.